पऱ्हाटीचे पेलेट, औष्णिक केंद्र आणि हरित कर्ज

प्रश्न : आमची शेतकरी उत्पादक कंपनी यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीचे (कपाशीच्या वाळल्या झाडांचे) पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या इंधनाच्या कांड्या, करते आणि कोळशासोबत जाळायला औष्णिक वीज केंद्राला विकते. आमच्या अहवालात उष्मांक किलोमागे 3,800 किलोकॅलरी येतो, औष्णिक केंद्र मात्र 3,500 धरूनच पैसे देते. हे कसे?

उत्तर : दोन अहवालांचा आधार वेगळा असणार. प्रयोगशाळा नमुना हवेत वाळवून उष्मांक काढते. केंद्र ट्रकमधून उतरला तसा माल धरते. 100 मधून एकूण ओलावा वजा करा. 100 मधून वाळवल्यावर उरलेला ओलावा वजा करा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा आणि 3,800 ने गुणा. एकूण ओलावा 13 टक्के, उरलेला 6 टक्के असेल तर उत्तर 3,517 येते.

तुमचे पैसे ओलाव्यातच जातात. पऱ्हाटी उपटल्यावर कुट्टीआधी शेतातच वाळू द्या आणि मुळांची माती झटका. माती राख वाढवते, शिवाय पेलेट यंत्राचा साचाही झिजवते. साच्यातून निघालेले पेलेट गरम असतात. ते थंड न करता पोत्यात भरले की आत घाम सुटतो आणि भुगा होतो. केंद्राच्या कोळसा दळायच्या मिलमध्ये गरम हवा खेळते. तिथे हा भुगा कोळशाच्या आधी पेट घेतो, म्हणून भुग्याचा ट्रक परत येतो.

प्रश्न : बिल तीन-तीन महिने अडकते. खेळते भांडवल आणायचे कुठून?

उत्तर : आधी उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी, करा. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी 2006 च्या कायद्याने माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांची कमाल मुदत दिली आहे, करारात काहीही लिहिलेले असो. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. पण भांडत बसण्यापेक्षा ‘ट्रेड्स’ या बिले वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर बिल वटवणे बरे. खरेदीदाराने तिथे बिल मान्य केले की बँक थोडी वटणावळ कापून पैसे देते, आणि पुढे खरेदीदाराने थकवले तरी वसुली तुमच्याकडून होत नाही. केंद्र त्या मंचावर आहे का, हे निविदा भरण्याआधीच विचारा.

प्रश्न : ‘कोळशाच्या केंद्राला माल देता, मग हरित कर्ज कसले?’ असे बँक म्हणते.

उत्तर : रिझर्व्ह बँकेची हरित ठेवींची चौकट, म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठी घेतलेल्या ठेवींचा पैसा बँकेने कुठे लावायचा याचे नियम, 1 जून 2023 पासून लागू आहे. मुख्य ऊर्जास्रोत जीवाश्म इंधन असलेले प्रकल्प तिने वगळले आहेत. त्यामुळे केंद्राच्या बॉयलर सुधारणेला तो पैसा मिळत नाही. तुमचा कारखाना शेतकचऱ्यावर चालणारा स्वतंत्र प्रकल्प म्हणून मांडा. एक अट जपा : संरक्षित क्षेत्रातला जैवभार (झाडपाल्याचा कच्चा माल) चालत नाही. टिपेश्वरसारख्या अभयारण्याजवळून माल घेत असाल तर गट क्रमांकासह खरेदी नोंदवही ठेवाच. हरित शिक्का नाही मिळाला तरी पेलेट उत्पादन अग्रक्रम क्षेत्रात, म्हणजे बँकांनी ठरावीक वाटा कर्ज द्यायच्या क्षेत्रात, बसते. शाखेला त्याची आठवण करून द्या.

प्रश्न : टनामागे कार्बन किती वाचतो?

उत्तर : 3,500 उष्मांकाचा एक टन पेलेट 4,000 उष्मांकाच्या 875 किलो कोळशाची जागा घेतो. म्हणजे सुमारे 1.4 टन कार्बन डायऑक्साइड. त्यातून तुमचा खर्च वजा करा : टनभर पेलेटमागे 100 युनिट वीज धरली तर सुमारे 73 किलो, वाहतूक-कुट्टीचे 15 लिटर डिझेल धरले तर 40 किलो. उरतात जेमतेम 1.3 टन. कार्बन क्रेडिटचे (वाचवलेला कार्बन विकून मिळणारे) उत्पन्न प्रकल्प अहवालात धरू नका. त्याच टनांवर केंद्रही हक्क सांगू शकते.

प्रश्न : उसाचे पाचट मिसळले तर?

उत्तर : त्यातल्या पोटॅशियम आणि क्लोरीनमुळे राख चिकट होते, बॉयलरच्या नळ्यांवर थर बसतो, नळ्या गंजतात. केंद्राने लेखी मान्य केल्याशिवाय मिसळू नका. आमच्या मते पाचट सरीत कुजवणेच चांगले.