शंभरचा प्लॅन, बाराचा स्पीड: नेट-फोनच्या शब्दांवर वाचकांचे प्रश्न

प्रश्न : १०० एमबीपीएसचा प्लॅन घेतलाय, पण पिक्चर डाउनलोडला लावला की कॉम्प्युटर १२ च दाखवतो. कंपनी फसवतेय का? (एक वाचक, सातारा)

नाही काका, या बाबतीत तरी नाही. कंपनी स्पीड मोजते बिटमध्ये आणि तुमचा कॉम्प्युटर फाइल मोजतो बाइटमध्ये, आठ बिट मिळून एक बाइट होतो, म्हणून १०० ला ८ ने भागा, साडेबारा येतात. म्हणजे तुम्हाला जवळपास पूर्ण स्पीड मिळतोय. १ जीबीची फाइल साधारण दीड मिनिटात उतरली पाहिजे, एवढा हिशोब लक्षात ठेवला तरी पुरे.

आता खरी गोची वेगळीच असते. फायबर घरात येतं तो डबा आणि तुमचा मोबाइल यांच्यामध्ये वायफाय असतं आणि बहुतेक वेळा स्पीड तिथेच मरतो. तुमच्या राउटरवर दोन नावं दिसत असतील, एकाच्या शेवटी ५जी लिहिलेलं असतं, त्याचा मोबाइलच्या फाइव्ह जीशी काही संबंध नाही, ते ५ गिगाहर्ट्झ आहे, म्हणजे वायफायच्या लहरींची फ्रिक्वेन्सी. दुसरं २.४ गिगाहर्ट्झचं, ते भिंतीतून लांब जातं पण स्लो असतं, आणि बिल्डिंगमधल्या सगळ्यांचे राउटर तिथेच गर्दी करतात कारण एकमेकांवर न चढणारे चॅनल, म्हणजे लहरींचे पट्टे, त्यात तीनच आहेत, १, ६ आणि ११. राउटरच्याच खोलीत बसणार असाल तर ५ वालं जोडा, आतल्या बेडरूममध्ये २.४. आणि कृपा करून राउटर टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटावर ठेवू नका, कितीतरी घरी तेच बघते मी. स्पीड टेस्ट करायची तर एकदा राउटरची लॅनची वायर थेट लॅपटॉपला लावून करा, त्यात शंभरच्या आसपास आले तर लाइन चांगली आहे, मग दोनशेच्या प्लॅनचे पैसे भरायची काही गरज नाही, राउटर हलवा फक्त.

प्रश्न : लेक न्यू जर्सीला असते. व्हिडिओ कॉलवर दोघी एकदमच बोलायला लागतो, मग दोघी थांबतो. स्पीड वाढवून घेतला तरी तेच. (एक आई, नाशिक)

ताई, हे स्पीडचं काम नाही, ह्याला लेटन्सी म्हणतात, स्पीड टेस्टमध्ये पिंग म्हणून जो आकडा येतो तो हाच. तुमचा आवाज तिकडे पोचून उत्तर परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात. स्टँडवरून जास्त एसट्या सोडल्या म्हणून नाशिक-नागपूर अंतर काही कमी होत नाही ना, तसंच आहे.

आपलं परदेशातलं बहुतेक सगळं इंटरनेट समुद्राखालच्या केबलमधून जातं, त्यातल्या बऱ्याच केबल मुंबईत वर्सोव्याला किनाऱ्यावर येतात. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, आणि अमेरिकेला जाऊन येऊन पंचवीस हजार किलोमीटरच्या वर होतात, म्हणजे सव्वाशे मिलिसेकंद तर कुठलीही कंपनी घेतली तरी जाणारच, प्रत्यक्षात दोनशेच्या पुढेच येतात. व्हिडिओ कॉलला दोन-चार एमबीपीएस पुरतात, त्यामुळे वाढवलेला प्लॅन खुशाल कमी करा. हां, चित्र अडकत असेल, आवाज तुटत असेल तर तो वायफायचा प्रॉब्लेम, कॉल करताना राउटरजवळ बसा, फरक पडेल. आणि वाक्य संपल्यावर क्षणभर थांबायची सवय दोघींनी लावून घ्या, खरंच गप्पा छान होतात मग.

प्रश्न : कुरिअरवाल्याचा म्हणून फोन आला, पार्सल अडकलंय, *४०१* लावून पुढे हा नंबर डायल करा म्हणाला. बाबांनी केलं. काय होतं त्याने? (एक वाचक, कोल्हापूर)

ही सगळ्यात आधी वाचायची गोष्ट आहे. तो कॉल फॉरवर्डिंगचा कोड आहे. तो लावला की बाबांना येणारे सगळे कॉल त्या माणसाच्या नंबरवर वळतात. एसएमएस वळत नाहीत, पण व्हॉट्सअॅपसारख्या ठिकाणी ओटीपी फोन करूनही सांगतात आणि चोराला नेमका तोच कॉल हवा असतो, मग तो बाबांचं व्हॉट्सअॅप त्याच्या फोनवर चालू करून नातेवाइकांकडे पैसे मागतो. सरकारने १५ एप्रिल २०२४ पासून कोडने होणारं कॉल फॉरवर्डिंग थांबवायला कंपन्यांना सांगितलं होतं, तरी त्या भरवशावर बसू नका.

बाबांच्या फोनवरून आत्ता ##००२# डायल करा, सगळं फॉरवर्डिंग बंद होतं. नाही झालं तर कंपनीच्या कस्टमर केअरला लावून बंद करून घ्या. मग व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सहा आकडी पिन टाका, म्हणजे नुसत्या ओटीपीवर कुणाला आत शिरता येणार नाही. पैसे गेले असतील तर १९३० ला लगेच फोन, अजिबात वेळ घालवू नका, जितक्या लवकर कळवाल तितके पैसे मधेच अडवले जायची शक्यता जास्त. आणि बाबांना ओरडू नका प्लीज, हे लोक रोज हेच करतात, भल्याभल्यांना गंडवतात.

प्रश्न : फोनवर बोलायला लागलं की नेट बंद पडतं, असं का? (एक विद्यार्थी, लातूर)

सेटिंगमध्ये व्होल्टी बंद असेल. ते चालू असलं की कॉल फोर जीवरूनच जातो, नसलं की फोन कॉलसाठी जुन्या टू जीवर उतरतो आणि नेट थांबतं. मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू कर, झालं.

प्रश्न : फायबरच्या डब्यावर लाल लाइट लुकलुकतोय, तीनदा बंद-चालू केला, काही होत नाही. (एक वाचक, चिपळूण)

त्या लाइटखाली एलओएस लिहिलंय ना? म्हणजे बाहेरून येणारा प्रकाशच डब्यापर्यंत पोचत नाहीये, बंद-चालू करून उपयोग नाही. डब्यामागची बारीक वायर कुठे घट्ट दुमडली, फर्निचरखाली दबली किंवा उंदराने कुरतडली का बघा, काच आहे ती, जास्त वाकवली की प्रकाश बाहेर जातो. पण वायर काढून तिच्या तोंडात डोळा लावून बघू नका, आतला लेझर डोळ्याला दिसत नाही पण इजा करू शकतो. वायर ठीक असेल तर केबल रस्त्यावर कुठेतरी तुटली असणार. तक्रार करताना ‘नेट चालत नाही’ एवढंच म्हणू नका, ‘एलओएस लाल आहे’ असं सांगा, म्हणजे ते फोनवर राउटर रीसेट करायला लावत बसणार नाहीत, जोडणीचं मशीन घेऊन माणूस पाठवतील.