पन्हाळ्यावरच्या भुतांच्या गोष्टी जमवणार असशील तर

आधी दिवसा अंधारबाव बघ. तटाला चिकटलेली तीन मजली विहीर, तळाशी पाणी, मधल्या मजल्यावरून किल्ल्याबाहेर पडायची वाट. आत साधं खाकरलं तरी आवाज घुमतो. निम्म्या गोष्टी तिथंच जन्मल्या असाव्यात, असं माझं मत.

मग माणसांकडं जा. "भूत खरंच बघितलं का?" असं विचारू नकोस, समोरचा गप्प होतो. "ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली, मामा?" असं विचार आणि त्यांच्याच बोलीत उतरवून घे. हडळ म्हणाले तर हडळच लिही.

१६६० चा सिद्दी जौहरचा वेढा मात्र इतिहास आहे. त्यातल्या माणसांना कुणी भुतं केलं असेल तर ते सांगणाऱ्याचं म्हणून वेगळं नोंदव. आणि रात्री एकटा बावीत उतरू नकोस, पावसाळ्यात तर नाहीच.