फ्लोरिडातल्या झऱ्यांचं पाणी हिवाळ्यातही तेवढ्याच तापमानाचं का राहतं, आणि त्यात पोहता येतं का?

हो, बहुतेक झऱ्यांत बारा महिने पोहता येतं, कारण पाणी साधारण २० ते २३ अंश सेल्सिअसच्या पलीकडे फारसं जात नाही. हे पाणी चुनखडीच्या भेगांतून आणि भुयारांतून जमिनीखाली दीर्घकाळ मुरलेलं असतं, त्यामुळे त्याचं तापमान तिथल्या हवेच्या वार्षिक सरासरीशी जुळतं. म्हणूनच उन्हाळ्यात ते गार लागतं आणि थंडीत कोमट. पाणी नितळही असतं, आणि तिथेच खोलीचा अंदाज चुकतो: प्रकाश वाकल्यामुळे वरून ३ मीटर वाटणारा तळ प्रत्यक्षात ४ मीटरवर असतो. पोहणं कच्चं असेल तर काठापासून दूर जाऊ नका. सगळ्यात मोठ्या, म्हणजे पहिल्या प्रतीच्या झऱ्यांतून सेकंदाला किमान २,८३० लिटर पाणी बाहेर पडतं. अशा झऱ्याच्या मुखाशी प्रवाह वर ढकलतो, तिथे वरच्यावर तरंगत पाहणं उत्तम. मुखातून आत मात्र गुहा-डायव्हिंगचं प्रशिक्षण नसताना अजिबात शिरू नका, खुल्या पाण्यातला पट्टीचा डायव्हर असलात तरीही. फिनच्या (पायात घालायच्या रबरी वल्ह्याच्या) एका फटक्याने तळाचा गाळ उठतो, काही दिसेनासं होतं आणि डोक्यावर खडक असल्यामुळे सरळ वर येता येत नाही. शेवाळलेल्या चुनखडीवर पाय सटकतो, म्हणून रबरी तळव्याचे बूट घाला.

एक अपवाद: ऑरेंज सिटीजवळच्या ब्लू स्प्रिंगमध्ये नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत पाण्यात उतरायला बंदी असते, कारण तेव्हा मॅनाटी (समुद्रगाई, पाण्यात राहणारे मोठे सस्तन प्राणी) उबेसाठी तिथे येतात.