उत्तर: अँटिबॉडीचा आकडा आणि फॉर्मवर नसलेला रकाना

तुमची पोस्ट दोनदा वाचली. ऑगस्ट २०२१ मध्ये तुमच्या संस्थेने सोलापूरच्या नीलम नगरात कोरोनाच्या अँटिबॉडी तपासायला घरोघरी रक्त घेतलं, दहापैकी आठ जण पॉझिटिव्ह आले, आणि आता अहवालात ‘८० टक्के वस्तीला संसर्ग होऊन गेला होता आणि त्यांच्यात प्रतिकारशक्ती होती’ असं लिहायचं आहे. कृपा करून एवढ्यात लिहू नका. हेच वाक्य आम्ही लिहिलं होतं आणि नंतर मागे घ्यावं लागलं.

आधी सांगते, मी लॅब टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, संख्याशास्त्राची तर मुळीच नाही. पण असं एक सर्वेक्षण मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाताने केलं आहे.

नमुना कसा निवडायचा, संमतीपत्र, रक्तातून सीरम (वरचा पातळ भाग) वेगळं करणं हे तुम्हाला माहीत असणारच. मी फक्त ज्यात आमचं वर्ष गेलं तेवढंच लिहिते.

आम्ही विडी कामगारांच्या सर्वेक्षणासाठी परवानगीचा अर्ज फेब्रुवारी २०२१ मध्ये दिला. तेव्हा लस फक्त आरोग्य कर्मचारी आणि फ्रंटलाइनवाल्यांना मिळत होती. त्यामुळे विडी कामगारांच्या फॉर्मवर लसीचा रकाना ठेवायचं कुणाला सुचलं नाही, आणि किटही स्पाइक प्रथिनाच्या (विषाणूवरच्या काट्यांच्या) अँटिबॉडी मोजणारं घेतलं. फेब्रुवारीपुरतं दोन्ही बरोबर होतं. परवानगीचं पत्र हातात पडलं जुलैमध्ये. एका कार्यालयाने पाच महिने फाईल फिरवली. कधी साहेब मीटिंगला, कधी एक प्रत कमी, कधी ‘हे आमच्याकडे येतच नाही’. आणि ज्यांच्याकडे येतं म्हणून पाठवलं, त्यांनी परत तिथेच धाडलं. दुसरी लाट येऊन गेली, १ एप्रिलपासून ४५ च्या वरच्या सगळ्यांना आणि १ मेपासून १८ च्या वरच्यांना लस खुली झाली. आम्ही मात्र पत्र मिळाल्याच्या आनंदात तेच फेब्रुवारीत छापलेले गठ्ठे घेऊन निघालो. कार्यालयावरचा राग अजून गेलेला नाही, पण फॉर्म पुन्हा न वाचण्याची चूक आमची होती. (प्रत्येक अर्जाच्या स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. आमच्याकडे नव्हता, म्हणून उशीर कुणामुळे झाला हे सिद्धच करता आलं नाही.)

कोव्हिशील्डमुळे शरीरात फक्त स्पाइकविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. म्हणजे स्पाइकचं किट पॉझिटिव्ह आलं तर ते लसीमुळे की आजारामुळे, हे त्या नळीतून कधीच कळणार नाही. न्यूक्लिओकॅप्सिडचं (विषाणूच्या आतल्या प्रथिनाचं), म्हणजे एनचं किट असेल तर कोव्हिशील्डवाल्यांमध्ये फरक कळतो. कोव्हॅक्सिन मात्र आख्ख्या निष्क्रिय विषाणूपासून बनते, तिने एनच्या अँटिबॉडीही येऊ शकतात. म्हणून नुसतं ‘लस घेतली, हो की नाही’ पुरत नाही. कुठली, किती डोस आणि कुठल्या तारखांना, एवढं हवं. चार दिवसांपूर्वी घेतलेला पहिला डोस आणि दोन महिन्यांपूर्वीचा, यांत फार फरक आहे.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) चौथ्या राष्ट्रीय अँटिबॉडी सर्वेक्षणात, जून-जुलै २०२१ मध्ये, एकूण ६७.६ टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्या. पण त्यांच्याकडे लसीची नोंद होती, म्हणून ते पुढचं सांगू शकले: लस न घेतलेल्यांत ६२.३, एक डोसवाल्यांत ८१ आणि दोन डोसवाल्यांत ८९.८ टक्के. आपल्याला हा दुसरा भाग लागतो, आणि तो रकाना असल्याशिवाय मिळत नाही. त्या सर्वेक्षणाच्या ७० जिल्ह्यांत सोलापूर नव्हतं, आपल्याकडून सांगली, अहमदनगर, बीड वगैरे सहा जिल्हे होते. म्हणूनच तुमच्यासारखी छोटी सर्वेक्षणं मला मोलाची वाटतात, आणि ती वाया गेली की जीव हळहळतो.

मग लसीची माहिती गोळा करायला आम्ही सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, पुन्हा दारोदार फिरलो. एका घरी मावशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “सूदी (तेलुगूत सुई) घेतली की. लसीचं नाव कोण विचारतंय?” मेसेज मुलाच्या मोबाईलवर, मुलगा लूमवर, मोबाईल त्याच्या खिशात. कोविनवर (लसनोंदणीच्या सरकारी पोर्टलवर) तेव्हा एका नंबरवर चौघांची नोंदणी चालायची, त्यामुळे शेजारणीचं नावही त्याच मोबाईलमध्ये. संध्याकाळी सातनंतर परत गेलो तेव्हा मुलगा भेटला आणि चौघींच्या तारखा एकदम मिळाल्या. नंतर तोच नियम केला: कारखाना सुटल्यावर जायचं आणि ‘ज्याच्या मोबाईलवर मेसेज आला तो’ माणूस गाठायचा. दिवसा गेलात तर पुरुष भेटतच नाहीत. तुमच्या नमुन्यात बायका जास्त झाल्या आहेत का, तेही तपासा.

तुमच्या वाक्यातल्या दुसऱ्या अर्ध्याबद्दल, ‘प्रतिकारशक्ती होती’ याबद्दल, माझं मत कडक आहे. हा शब्द काढा, ‘अँटिबॉडी आढळल्या’ लिहा. पुण्यात जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये पाच प्रभागांच्या तपासणीत ५१.५ टक्के आले होते. ‘निम्मं पुणे सुटलं’ असं लोक बोलायला लागले, आणि पुढच्याच महिन्यात तिथे बेड मिळेना. पाच प्रभाग म्हणजे शहर नव्हे. शिवाय अँटिबॉडी काळानुसार कमी होतात, एनच्या तर काही किटवर लवकरच दिसेनाशा होतात. म्हणजे निगेटिव्ह आला म्हणून त्याला आजार झालाच नव्हता असंही नाही, आणि पॉझिटिव्ह आला म्हणून पुन्हा होणार नाही असंही नाही. ओमायक्रॉनने ते सगळ्यांना दाखवलं.

आता तुमच्या हातात काय आहे? आजच लॅबला फोन करून विचारा, सीरम शिल्लक आहे का आणि उणे २० अंश किंवा त्याखाली ठेवलंय का. असेल तर एनच्या किटवर पुन्हा चालवा. नळ्या पुन्हापुन्हा वितळवू-गोठवू देऊ नका, एकदाच काढून छोट्या भागांत वाटून घ्या. किटची संवेदनशीलता आणि विशिष्टता (ते खरे पॉझिटिव्ह आणि खरे निगेटिव्ह किती अचूक ओळखतं) धरून आकडा दुरुस्त करायला संख्याशास्त्र येणारं माणूस घ्या, ते मला जमत नाही. सीरम टाकून दिलं असेल तर लस न घेतलेल्यांचा आकडा तरी वेगळा काढा. तेवढाच आजाराबद्दल काही सांगेल.

फॉर्मवर मोबाईल नंबर असतील तर लसीची माहिती विचारायला अजून उशीर झालेला नाही, प्रमाणपत्रं अनेकांनी जपून ठेवली आहेत. फक्त परत फोन करण्याची संमती मूळ पत्रात होती का ते बघा, नसेल तर आधी एथिक्स समितीला विचारा. किटच्या डब्यावरचं नाव इथे टाका, ते एसचं (स्पाइकचं) की एनचं ते मी सांगते. फोनसाठी तेलुगू बोलणारं कुणी हवं असेल तर आमच्यातल्या दोघी तयार आहेत.