गवत कापायच्या जुन्या यंत्रावर पाण्याच्या पंपाचे इंजिन बसेल का?

आपण विचारले आहे की, शाळेच्या मैदानावरचे 21 इंची पात्याचे, ढकलत चालवायचे जुने यंत्र पावसाळ्यात एकाएकी बंद पडले असून आता दोरी ओढूनही चालू होत नाही. अशा वेळी त्यावर नवे इंजिन घालावे, की शेतात पडून असलेल्या पाणी उपसायच्या पंपाचे चांगले इंजिन चढवावे. परभणीत लहान पेट्रोल इंजिनांच्या दुरुस्तीचेच माझे काम असल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे दर पावसाळ्यात येतो. पंपाचे इंजिन बसणार नाही. नवे बसेल, परंतु ते घेण्याआधी जुने इंजिन खरोखरच गेले आहे का, हे तपासावे.

एकाएकी बंद पडले, असे आपण लिहिले आहे, म्हणून हे सांगतो. आपल्याकडच्या मैदानांवर हरळीखाली मुरूम आणि काळ्या दगडाचे खडे असतात. पाते अशा दगडावर आदळले की ते जागच्या जागी थांबते, परंतु इंजिनाच्या फिरत्या आसावर, म्हणजे शाफ्टवर, वरच्या टोकाला बसवलेले चाक (फ्लायव्हील) आपल्या वेगाने पुढे जाऊ पाहते आणि शाफ्ट व फ्लायव्हील यांना जोडणारी, खाचेत बसणारी छोटी चावी कातरली जाते. बऱ्याच इंजिनांत ही चावी मऊ धातूची असते. मागे सेलूकडच्या एका शाळेचे यंत्र माझ्याकडे आले, तेव्हा प्लगला ठिणगी होती, पेट्रोल येत होते, कॉम्प्रेशनही ठीक होते, पण दोरी ओढली की ती हातातून उलटी खेचली जात होती. फ्लायव्हील काढून पाहिले तर ती एवढीशी चावी मधोमध सरकून तिला पायरी पडली होती. ठिणगी नको त्या क्षणी पडत होती, एवढाच दोष. नवी चावी बसवली आणि दुसऱ्या ओढीला इंजिन सुरू झाले. त्या शाळेने नव्या इंजिनाची चौकशी आधीच करून ठेवली होती.

मात्र त्याच आघाताने शाफ्टही वाकलेला असू शकतो. प्लगची तार काढून बाजूला ठेवावी, पाते उतरवावे, दोरी सावकाश ओढावी आणि खालून शाफ्टच्या टोकाच्या मध्यबिंदूकडे पाहत राहावे. तो बिंदू जागेवर न फिरता डुलत असेल, तर शाफ्ट वाकला आहे. हातोड्याने ठोकून किंवा लेथवर दाबून तो सरळ करण्याच्या भानगडीत पडू नये. तसा केलेला शाफ्ट पात्यासकट तुटू शकतो. अशा वेळी इंजिन बदलणेच योग्य.

आता पंपाच्या इंजिनाविषयी. त्याचा शाफ्ट आडवा असतो आणि आपल्या यंत्राला उभा, खाली निघणारा शाफ्ट लागतो. इंजिन कुशीवर आडवे करून बसवू, असे पुष्कळजण म्हणतात. परंतु त्या इंजिनाच्या आत तेल उडवणारा चमचा क्रँकखालच्या तेलात बुडेल अशा बेताने बसवलेला असतो. इंजिन कलंडले की तेल भलतीकडे साचते, बेअरिंग कोरडी पडतात आणि कार्बोरेटरमधला पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोटही काम करीत नाही. हा प्रयोग कृपया करू नये.

उभ्या शाफ्टचे इंजिन घेताना हॉर्सपॉवरपेक्षा शाफ्टकडे अधिक लक्ष द्यावे. 21 इंची पात्याला 160 सीसीच्या आसपासचे इंजिन पुरते. शाफ्टची जाडी मात्र कुठे सात सूत, म्हणजे 22.2 मिलिमीटर असते, तर कुठे पूर्ण इंच, म्हणजे 25.4 मिलिमीटर, आणि पाते धरणारा जुना हब दुसऱ्या जाडीवर बसत नाही. व्हर्नियरने मोजावे, पट्टीने नव्हे. लांबी इंजिनाच्या बैठकीपासून टोकापर्यंत मोजावी. एकदा मी स्वतः जाडी जुळली म्हणून लांबी न पाहता इंजिन बसवले आणि पाते पत्र्याच्या कडेच्या खाली उतरले. तसेच चालवले असते तर प्रत्येक खडा माणसाच्या नडगीच्या दिशेने सुटला असता. ते सगळे पुन्हा उतरवावे लागले. बैठकीच्या तीन बोल्टांमधले अंतर, चावीच्या खाचेची रुंदी आणि टोकाच्या बोल्टचा आटा हेही लिहून घ्यावे. यंत्र स्वतःहून पुढे जाणारे असेल तर पट्ट्याच्या पुलीसाठी शाफ्टवर जागा लागते, हे विसरू नये.

फेऱ्यांचा मुद्दा दुकानात सहसा कोणी सांगत नाही. 21 इंची पाते मिनिटाला 3000 फेऱ्यांनी फिरते तेव्हा त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे 84 मीटर, म्हणजे ताशी 300 किलोमीटर होतो. 3600 फेऱ्यांना तोच 100 मीटरच्या वर जातो, आणि अमेरिकी सुरक्षा मानकाने घातलेली मर्यादा मिनिटाला 19,000 फूट, म्हणजे सेकंदाला साधारण 96.5 मीटर आहे. म्हणून दुसऱ्या कामासाठी 3600 वर लावलेले इंजिन आल्यास फेऱ्यांवर ताबा ठेवणारा गव्हर्नर, फेऱ्या मोजणारे टॅकोमीटर लावून, खाली आणून घ्यावा.

उतरवण्याचे काम अवघड नाही. आधी प्लगची तार काढावी, पेट्रोल काढून घ्यावे, यंत्र एअर फिल्टर वर राहील असे कलते करावे आणि पाते लाकडी ठोकळ्याने अडवून बोल्ट सैल करावा. हब गंजून बसला असेल तर रात्रभर तेल सोडून पुलरने ओढावा. इंजिन निघाले की बोल्टांच्या छिद्रांभोवतीचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहावा. ओले गवत तिथेच चिकटून राहते आणि पत्रा आतून खातो; तो टोचला गेला तर त्यावर नव्या इंजिनाचा पैसा घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नव्या इंजिनात बहुधा तेल भरलेले नसते. साधारण अर्धा लिटर लागते. तेल मोजायच्या पट्टीवर खूण पाहूनच भरावे आणि पहिले तेल पुस्तिकेत सांगितलेल्या तासांनंतर लवकर बदलावे. पाते घट्ट बसवल्याशिवाय दोरी ओढू नये, कारण या इंजिनांचे फ्लायव्हील हलके असते आणि पात्याच्या वजनाशिवाय इंजिन हाताला झटका देते.

शेवटी दांड्यावरच्या ब्रेकची तार. ती जुळत नाही म्हणून पुष्कळ ठिकाणी इंजिनावरचा ब्रेक बांधून ठेवतात. आपले यंत्र शाळेत चालणार आहे. दांडा सोडल्यावर पाते 3 सेकंदांच्या आत थांबते का, हे घड्याळ लावून पाहावे आणि थांबत नसेल तर तार दुरुस्त होईपर्यंत यंत्र मैदानात उतरवू नये.