"काही नाही, तू सांग" याच्या पुढे काय बोलायचं?

तुमचा प्रश्न असा: जिवलग मित्र सात वर्षांपूर्वी परदेशी गेला, आता फोनवर "काय चाललंय?", "काही नाही, तू सांग" यापुढे गाडी सरकत नाही. तुमची नोकरी, घर आणि गच्चीवरची थोडी झाडं एवढंच आयुष्य. यात त्याला कळवण्यासारखं काय आहे, आणि किती दिवसांनी कळवायचं?

पहिल्यांदा ते "काही नाही" बंद करा. मी ते बरीच वर्षं वापरलं आणि त्याचं काय होतं ते बघितलंय, म्हणून लिहायला बसलोय.

मी सांगलीचा. मित्र गावभागातला. शाळेपासून आम्ही दोघं पहाटे कृष्णेत पोहायला जायचो, काठावर कपडे ठेवून पलीकडे जाऊन यायचं आणि मग शाळा. २००८ मध्ये तो कॅनडात विनिपेगला गेला. पहिली दोन वर्षं फोनवर तास तास बोलणं व्हायचं. मग त्याला पोरगं, मला पोरगी, त्याची शिफ्ट, माझं दुकान. दिवाळीला फोन, वाढदिवसाला फोन, अधूनमधून सुप्रभातचं फूल. काय चाललंय? काही नाही.

२०१४ च्या डिसेंबरात तो तीन आठवड्यांसाठी आला. पहिल्याच संध्याकाळी आम्ही घाटावर गेलो, बरोबर त्याचा छोटा मुलगा. पाण्याकडे बघत तो पोरगा मला विचारतो, "काका, उद्या सकाळी मी बघायला येऊ? बाबा म्हणतात तुम्ही रोज पलीकडे पोहून जाता."

मला पोहणं सोडून तेव्हा चार वर्षं झाली होती. आधी खांदा धरला. मग नदीत मगरी दिसायला लागल्या, घरचे नको म्हणाले, आणि सुटलं ते सुटलंच. हे मी मित्राला कधी सांगितलंच नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काय, असं वाटायचं. तो तिकडे पोराला माझ्या गोष्टी सांगत होता आणि त्या गोष्टीतला माणूस चार वर्षांपूर्वीच संपला होता. मित्र काही बोलला नाही. पोराला घेऊन दोन पायऱ्या खाली उतरला आणि पाण्यात हात घालून उभा राहिला.

त्याच रात्री आमच्याकडे जेवताना त्याला भाकरी मोडायला त्रास होतोय हे माझ्या बायकोच्या लक्षात आलं. उजवं मनगट. दोन हिवाळ्यांपूर्वी बर्फावर घसरून मोडलं होतं, आत दोन स्क्रू आहेत, सहा आठवडे प्लास्टर होतं. त्या हिवाळ्यात मी त्याला दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा तो म्हणाला होता, "काही नाही रे, थंडी आहे."

तीन आठवडे तो इथे होता. आम्ही जुन्या मास्तरांबद्दल बोललो, जुन्या मॅचेसबद्दल बोललो. आजचं काही बोलायचं म्हटलं की एवढी मागची ओळख करून द्यावी लागायची की दोघंही कंटाळायचो. तुमच्या दोघांचं आत्ता हेच झालंय. विषय संपलेले नाहीत. तुम्ही अजून सात वर्षांपूर्वीच्या माणसाशी बोलताय, आणि तोही.

आता मी काय केलं ते सांगतो. पोहणं सुटल्यावर मला पाऊस मोजायचा नाद लागला होता. उभ्या भिंतीचा स्टीलचा डबा गच्चीवर ठेवायचा, सकाळी साडेआठला पट्टीने मोजायचं (हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो), रिकामा करून परत ठेवायचा. दोनशे पानी वहीत लिहायचं: तारीख, मिलिमीटर, नक्षत्र, पंचांगातलं वाहन, आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी, शेरा. आमच्या वडिलांना मृग, आर्द्रा, तरणा पाऊस, म्हातारा पाऊस सगळं तोंडपाठ होतं, तिथून ते रकाने आले. २०१५ च्या मृगापासून दर रविवारी सकाळी त्या आठवड्याच्या पानाचा फोटो मी मित्राला पाठवायला लागलो. पावसाळ्यात इथे रविवारचे साडेआठ म्हणजे तिकडे शनिवारी रात्रीचे दहा. पोरं झोपलेली, दुसऱ्या दिवशी सुट्टी. वेळ अशी शोधा. किती दिवसांनी, याचं माझं उत्तर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वाराला. आठवण येईल तेव्हा पाठवू म्हणणाऱ्याला आठवण येत नाही.

आकडे हे निमित्त. सगळं असतं ते शेऱ्यात. एक पान समोर आहे, त्यातले दोन शेरे देतो. "३१ मिमी. मृग. आपल्या गच्चीवर १८६० लिटर पाणी पडलं, दोन टाक्या भरायला आल्या. हिचा अंगठा विळीवर कापला, वांगी मी चिरली." "०. ऊन. आयर्विन दीड फूट चढली. खांदा सकाळी दुखतो, दुपारी नाही. दुकानात जुन्या गिऱ्हाईकाने उधारी दिली, तीन वर्षांची."

यात महत्त्वाचं काहीच नाही, हे मला कुणी सांगायला नको. पण तिसऱ्या-चौथ्या रविवारी मित्राने विचारलं, "अंगठा बरा झाला का?" इतक्या वर्षांत त्याने आमच्या घरातलं पहिल्यांदाच काहीतरी नेमकं विचारलं होतं.

मग त्याचे आकडे यायला लागले. आपल्याकडे "आयर्विनला किती?" तसं त्यांच्याकडे "जेम्सला किती?" असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. विनिपेगमध्ये रेड नदीची उंची जेम्स अॅव्हेन्यूपाशी मोजतात, तीही फुटातच. त्यांचं शून्य म्हणजे हिवाळ्यातल्या बर्फाची नेहमीची पातळी. १९५० च्या पुरात ती ३० फुटांवर गेली, लाखभर माणसं गाव सोडून गेली. त्यानंतर १९६२ ते १९६८ मध्ये त्यांनी शहराला वळसा घालणारा ४७ किलोमीटरचा कालवा खणला. ती नदी उत्तरेकडे वाहते. दक्षिणेकडचा बर्फ आधी वितळतो आणि पाणी पुढे जाऊन न वितळलेल्या बर्फाला अडतं. आमच्यासारखंच की! सांगलीचा पाऊस वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर, आमच्या नदीचं पाणी येतं त्या नवजा, महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर. इथे लख्ख ऊन असतं आणि नदी चढत असते. दोन नद्यांच्या संगमावरच्या गावातून उठून तो दोन नद्यांच्या संगमावरच्याच गावात जाऊन राहिला होता, आणि हे आम्हाला सात वर्षांनी कळलं. तिकडे घरोघरी पाऊस मोजणाऱ्या हौशी लोकांचं एक जाळं आहे, अमेरिकेत कोलोरॅडोत १९९८ मध्ये सुरू झालेलं, कॅनडातही पोचलेलं. तो त्यात गेला. त्यांचं चार इंची मापक त्याने मलाही पाठवलं. आता दोघांचं माप एकच आहे.

तुमच्या झाडांचंही असंच करा. "बाग छान आहे" असं कळवू नका. कढीपत्त्याला किती फुटवे आले, मोगऱ्यावर कीड कधी पडली, काय फवारलं आणि त्याने काय झालं, हे कळवा. फोटो पाठवायचा तर दर वेळी त्याच कुंडीचा, त्याच कोपऱ्यातून. दोन महिन्यांनी तो स्वतःहून विचारेल.

आता ज्या गोष्टीवरून माझं एका माणसाशी अजून पटलेलं नाही, ती सांगतो.

ऑगस्ट २०१९. नागपंचमीचे दिवस, आश्लेषा नुकतीच लागलेली. आयर्विनची धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ती ओलांडून चढतच राहिलं आणि ५७ फुटांवर जाऊन थांबलं. २००५ चा पूर पाहिलेली माणसं त्या खुणेच्या हिशोबाने घरात थांबली होती, ती अडकली. मित्राचा वाडा गावभागात, तिथे त्याची आई आणि थोरला भाऊ. भावाला आम्ही सगळे अण्णा म्हणतो. काकूंना बोटीतून काढून विश्रामबागला माझ्याकडे आणलं. मित्राला टीव्हीवर सगळी सांगली बुडालेली दिसत होती आणि अण्णा फोनवर सांगत होते, "सगळं ठीक आहे, काळजी करू नकोस." रात्री दोन वाजता त्याने मला फोन केला. म्हणाला, "तू शेरा सांग."

मी सांगितला. काकू आतल्या खोलीत झोपल्यात. डाव्या पायाला सूज आहे. रक्तदाबाच्या गोळ्या दोन दिवस चुकल्या, आज संध्याकाळी दिल्या. वाड्यात माजघरातल्या कोनाड्यापर्यंत पाणी आहे. देव काढले. कागदपत्रं काढली. तुझ्या वडिलांची पेटी राहिली.

बराच वेळ काही आवाज नाही. मग तो एवढंच म्हणाला, "पेटी राहिली का," आणि रडला. ती पेटी त्याचे वडील रोज संध्याकाळी वाजवायचे. पाणी ओसरल्यावर आम्ही ती बाहेर काढली तेव्हा भाता फुगून फाटला होता, पट्ट्यांच्या फटीत गाळ बसला होता आणि एक सूरही बोलत नव्हता.

पुढे अण्णांना हे कळलं. माझ्या दुकानात येऊन चार माणसांसमोर बोलले, "तो सात समुद्रापलीकडे. तिथून काय करणार होता? त्याला कशाला रडवलंस?" तेव्हा मी गप्प बसलो. आज उत्तर देतो. अण्णा, रडायचं होतं ते त्याला त्याच रात्री रडायचं होतं, माझ्याशी बोलत. नाहीतर दिवाळीत येऊन त्याने वाड्यात पेटी शोधली असती. लांबच्या माणसाला फक्त बरं बरं सांगणं याला मी माया म्हणत नाही. त्याला हळूहळू परका करायची ती रीत आहे. तुम्ही "ठीक आहे" म्हणालात ते त्याला पटलं नाही, कारण इतकी वर्षं तुम्ही दुसरं काही सांगितलंच नव्हतं. माझ्या चार पावसाळ्यांच्या शेऱ्यांत कापलेला अंगठा होता, बुडालेली उधारी होती, म्हणून काकू सुखरूप आहेत यावर त्याचा विश्वास बसला. त्या रात्री तो झोपला. दुसऱ्या दिवशी त्याने मला तसं सांगितलं.

एक मात्र माझं चुकलं. काकूंची गोष्ट अण्णांच्या घरातली होती. मित्राला सांगण्याआधी मी अण्णांना "मी त्याला खरं सांगणार आहे" एवढं सांगायला हवं होतं. तुम्हीही स्वतःच्या घरातलं खुशाल लिहा, दुसऱ्याच्या घरातलं विचारून लिहा. मुलीचं काही असेल तर मी आता तिलाही विचारतो. ती नको म्हणाली की नाही लिहीत. आणि मित्राची नोकरी गेलेली असेल किंवा घरात आजारपण असेल तर आधी त्याचं ऐका, मोगरा पुढच्या रविवारी.

उत्तर येत नाही म्हणून थांबू नका, हेही सांगायचं राहिलं. माझा मित्र जानेवारी ते मार्च जवळजवळ काहीच लिहीत नाही. जानेवारीत पाचच्या सुमाराला उन्हं जातात, बाहेर कधी कधी उणे तीस. या दिवसांत त्याचं मन खाली जातं, हे त्यानेच सांगितलंय. कधीतरी गोठलेल्या नदीवर चालताना काढलेला एखादा फोटो येतो, बाकी काही नाही. तेव्हा इकडे पाऊसही नसतो. मिलिमीटरच्या रकान्यात शून्य लिहितो, शेरा लिहितो आणि पाठवतो. बर्फ वितळायला लागला की तिकडून जेम्सचा आकडा येतो. यंदा तो एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आला. आकड्याखाली त्याने लिहिलं होतं, "यंदाच्या थंडीत मनगट फार दुखलं. तेव्हा लिहिलं नाही, आता लिहितोय."