मुक्तिदिनाच्या प्रश्नमंजुषेसाठी १९६१ : मूळ संख्या की नाही, आणि 'उलटी' म्हणजे नक्की कशी?

तुमचा प्रश्न असा: १९ डिसेंबरला शाळेत गोवा मुक्तिदिनाची प्रश्नमंजुषा आहे. १९६१ ही मूळ संख्या आहे का, आणि उलटी केली तरी तशीच दिसणारं यापुढचं वर्ष कोणतं, हे दोन प्रश्न त्यात घालायचे आहेत.

मूळ नाही. १९६१ = ३७ × ५३. मुलं इथे हमखास फसतात. २, ३, ५, ७, ११, १३ यांपैकी कशानेच भाग जात नाही (१३ ने बाकी ११ उरते), आणि तिथेच हात टेकून ती 'मूळ' लिहून मोकळी होतात. ४४ चा वर्ग १९३६, ४५ चा २०२५. म्हणजे ४३ पर्यंतच्या चौदाही मूळ संख्या तपासायला हव्यात, आणि भाग जातो तो बाराव्या संख्येने, ३७ ने.

आठवी-नववीच्या मुलांना मी वर्गांची वजाबाकी दाखवेन. २०२५ − १९६१ = ६४, म्हणजे ८ चा वर्ग. म्हणून १९६१ = ४५² − ८² = (४५ − ८)(४५ + ८). पहिल्याच फटक्यात काम होतं, कारण दोन्ही अवयव वर्गमुळाच्या अगदी जवळ आहेत. हीच युक्ती १६९१ वर लावा: ४२ पासून सुरुवात करून ५४ पर्यंत, म्हणजे तेराव्या वेळी जमतं (५४² − ३५² = १९ × ८९).

३७ साठी आणखी एक सोपी कसोटी आहे. ९९९ ला ३७ ने निःशेष भाग जातो, म्हणून उजवीकडून तीन-तीन आकड्यांचे गट पाडून बेरीज करायची: १ + ९६१ = ९६२ = ३७ × २६.

दुसऱ्या प्रश्नात मात्र 'उलटी' हा शब्द घात करेल. शेवटून वाचली तर १६९१ येते, तशीच राहत नाही. तुम्हाला म्हणायचंय ते कागद अर्धा फिरवणं, खालची बाजू वर करणं. त्यात ० आणि ८ तसेच राहतात, ६ चा ९ होतो, ९ चा ६, आणि १ नुसती उभी रेघ असेल तरच १ राहतो. शेंडी किंवा पाय काढलेला १ फिरवल्यावर वेगळाच दिसतो. यापूर्वीचं असं वर्ष १८८१, यापुढचं थेट ६००९. पण कॅल्क्युलेटरच्या सरळ रेघांच्या आकड्यांत २ आणि ५ सुद्धा फिरवून तसेच दिसतात. मग उत्तर २००२ होतं, आणि एखादा चलाख विद्यार्थी ते देऊन वाद घालणारच.

शिवाय हे सगळं इंग्रजी आकड्यांचं. प्राथमिकच्या मराठी माध्यमातली मुलं देवनागरीत १९६१ लिहून कागद फिरवतील आणि हाती काहीच लागणार नाही. तिथे ३ आणि ६ आरशात पाहिल्यासारखे एकमेकांचे उलट दिसतात, तो खेळ वेगळा.

तिसरा प्रश्न हवा असेल तर हा घ्या: १९६१ ही दोन वर्गांची बेरीज म्हणून किती प्रकारे लिहिता येते? दोन: ४४² + ५² आणि ४०² + १९². ३७ आणि ५३ दोघांनाही ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, म्हणून हे जमतं. १६९१ मधल्या १९ ची बाकी ३, म्हणून ती एकाही प्रकारे जमत नाही.

प्रश्नपत्रिकेत वाक्य असं छापा: 'इंग्रजी आकड्यांत, १ साध्या उभ्या रेघेसारखा लिहून, कागद अर्धा फिरवल्यावर तेच दिसणारं १९६१ नंतरचं पहिलं वर्ष कोणतं?'